चाळीस सदोष कूलर

“लांडगा कसा असतो, सांगा पाहू कुणीतरी,” गावंडेसाहेबांनी विचारलं.

मार्चअखेरचा सोमवार होता. सकाळचे साडेनऊच वाजले होते, पण पत्र्याची शेड तव्यासारखी तापायला लागली होती. आम्ही साठ-पासष्ट जण ओळीनं उभे, आणि समोर लाकडी खोक्यावर चढलेले आमचे मालक. दोनच दिवसांपूर्वी ते चीनहून परतले होते. तिथल्या कुठल्याशा मोठ्या प्रदर्शनाला गेले होते. येताना एखादं मशीन आणतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी तत्त्वं आणली. आठ.

“शेळ्या नेते जी,” मागच्या ओळीतून पंचफुला म्हणाली.

शेडभर हसू सांडलं. साहेबही हसले, पण दात न दाखवता.

“बरोबर. पण कसा नेतो? कळपानं नेतो. वास घेतो, दबा धरतो आणि सगळे मिळून झडप घालतात. चीनमध्ये माणसं एका खोलीतून धंदा सुरू करतात आणि दहा वर्षांत जग जिंकतात, ती अशी. आजपासून आपण कामगार नाही, आपण कळप आहोत.”

“अन् शेळ्या कोन हाय मग?” पंचफुलानं माझ्या कानाशी येऊन विचारलं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. अकोल्याच्या एमआयडीसीत ‘पाऊसवेल’ कूलरचा हा कारखाना, आणि मी, उज्ज्वला राहाटे, तिथली तपासणीस. दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कूलरच्या पाठीवर माझ्या सहीची चिठ्ठी असायची. पंखा फिरतो का, पंप पाणी चढवतो का, टाकी गळते का, हे बघायचं आणि सही करायची. मी सांगते आहे त्याला आता चौदा वर्षं झाली.

बायका जाळ्यांमध्ये गवत भरायच्या. लाकडाचं ते बारीक, कुरळं, पिवळं गवत. ते अंगाला लागलं की दिवसभर खाजायचं. वर पत्रा, खाली फरशी, आणि मध्ये हवा अशी की तिला हात लावावा आणि चटका बसावा. जगाला गारवा पुरवणाऱ्या त्या शेडमध्ये एकही कूलर नव्हता. तीन वर्षं मी दर फेब्रुवारीत अर्ज करत होते. शेडसाठी दोन कूलर द्यावेत. दोनच. मागच्या एप्रिलमध्ये पंचफुला काम करता करता कोसळली होती. पडली तेव्हाही मूठभर गवत हातातून सुटलं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, “काऊन उठवलं बा? खाली फरशी थंडी लागून रायली होती.”

त्या सोमवारी सभा संपल्यावर मी साहेबांना गाठलं आणि चौथा अर्ज त्यांच्या हाती ठेवला. त्यांनी तो वाचला. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, हे मला कबूल केलं पाहिजे.

“राहाटेबाई, चौथं तत्त्व काय सांगितलं मी?”

“कडू गिळायचं.”

“कडू गिळायचं. तिथे इंजिनियर पोरं टेबलाखाली गाद्या टाकून झोपतात. कुणी कूलर मागत नाही.”

“त्यांच्याकडे ऊन किती असतं?”

“ऊन मनात असतं, बाई,” साहेब म्हणाले, आणि कपाळावरचा घाम रुमालानं टिपत गाडीकडे निघून गेले. गाडी आधीपासून चालू होती, काचा वर, आतली हवा गार.

दुसऱ्या दिवशी पाचवं तत्त्व अमलात आलं. मालकानं कामगारांच्या मध्ये बसायचं. साहेबांचं टेबल वरच्या ऑफिसातून उतरलं आणि शेडच्या ऐन मध्यावर मांडलं गेलं. बायकांना खरंच बरं वाटलं. म्हटलं, आता यांच्याही पाठीला कळेल. तासाभरानं दोन माणसं एक कूलर ढकलत आली. मोठ्या पंख्याचा, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या जाळीचा. तो साहेबांच्या खुर्चीमागे उभा राहिला, तोंड साहेबांकडे करून. त्यांच्यावरून पुढे गेलेला वारा फायलींची पानं हलवायचा आणि टेबलाच्या कडेशी संपायचा. बायका पाणी प्यायला जाताना मुद्दाम टेबलाला वळसा घालून जाऊ लागल्या. चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, “फार रहदारी आहे इथे,” आणि टेबल परत वर गेलं. कूलरही.

तत्त्वं भिंतीवर लिहायची होती. साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं की राहाटेबाई लग्नांत ओव्या म्हणतात. माझी आई गाण्यांची होती. जात्याचा सूर तिनं मला दुधाबरोबर पाजला होता. मग काय, आठ तत्त्वांचा कागद माझ्याकडे आला.

“हे लोकांच्या तोंडी बसलं पाहिजे,” साहेब म्हणाले. “तिसरं तत्त्व घ्या. आधी खेडी जिंकायची, मग शहराला वेढा. मोठ्या कंपन्या शहरात लढतात, आपण आधी बार्शीटाकळी घेऊ, पातूर घेऊ. बसवा ते ओवीत.”

मी बसवलं. खोटं कशाला बोलू, मन लावून बसवलं. निळ्या रंगात ते भिंतीवर चढलं:

आधी घेऊ खेडीपाडी, मग शहराचं दार,
पाऊसवेल आली गं बाई, उन्हाला उतार.

दोन दिवसांत गवत भरणाऱ्या बायकांनी तिचा दुसरा पाठ तयार केला. पंचफुला सूर धरायची, बाकीच्या झेलायच्या:

आधी घेती खेडीपाडी, मग शहराचं दार,
आमच्या शेडात गं बाई, उन्हाचाच बाजार.
मालकाच्या पाठीमागं वारं खसाचं,
आमच्या पाठीला पाणी मिठाच्या चवीचं.

“तुमच्यापेक्षा आमची चांगली झाली ना, ताई?” पंचफुलानं विचारलं.

“चांगली झाली.”

“मग भिंतीवर लिवून घ्या की.”

सहावं तत्त्व आत्मटीकेचं. दर सोमवारी प्रत्येकानं पुढे येऊन आपली एक चूक मोठ्यानं सांगायची. मोटारी दुरुस्त करणारे हमीदचाचा म्हणाले, “मी चहाले दोनदा गेलो.” पंचफुला म्हणाली, “मागच्या साली मी बिनापरवानगी पडली.” शेवटी साहेब खोक्यावर चढले, मान खाली घातली आणि जड आवाजात म्हणाले, “माझी चूक ही, की मी तुम्हा सर्वांवर फार विश्वास टाकतो.” ऑफिसातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग सातवं तत्त्व आलं.

कुण्या चिनी कारखानदारानं म्हणे सदोष निघालेले फ्रीज मैदानात मांडले होते आणि ज्यांनी ते बनवले, त्याच कामगारांच्या हाती घण देऊन फोडून घेतले होते. तिथून त्या कंपनीचं नशीब फिरलं. साहेब ही गोष्ट सांगताना दरवेळी थोडे हळवे व्हायचे.

“आपण चाळीस फोडू,” ते मला म्हणाले. “दहा एप्रिलला. जिल्ह्याभरातले डीलर बोलावलेत, पेपरवाले येतील. तुम्ही सदोष माल वेगळा काढून द्या.”

“सदोष माल नाहीये, साहेब.”

“नाहीये म्हणजे?”

नव्हताच. कारण हमीदचाचा होते. बंद पडलेली मोटार, वाकडं फिरणारं पातं, झिरपणारी टाकी, काहीही त्यांच्या कोपऱ्यात जायचं आणि संध्याकाळपर्यंत चांगलं होऊन परत यायचं. मोटारीला कान लावून ते डोळे मिटायचे, वैद्यानं नाडी धरावी तसे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एखादी वस्तू टाकून दिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे त्यांनी दुरुस्त केलेला माल हा मुळात सदोषच होता.”

“होता. आता नाही.”

“बाई, चीनमध्ये दुरुस्त करून विकत नाहीत. फोडतात.” ते खुर्चीत मागे रेलले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. “तुमचा अर्ज आहे ना, शेडच्या दोन कूलरचा? चाळीसच्या यादीवर सही करून द्या. सोहळा झाला, की दुसऱ्या दिवशी दोन कूलर शेडला. माझा शब्द.”

मी यादी घेऊन खाली आले. जेवणाची सुट्टी होती. हमीदचाचा आणि पंचफुला खोक्यांवर बसून एकाच डब्यातलं ठेच्याचं तिखट वाटून घेत होते. मी दोघांपुढे कागद ठेवला आणि सांगून टाकलं.

हमीदचाचांनी चष्मा लावला, आकडे वाचले. “बेटी, यातले बावीस माह्या हातचे आहेत. जित्ते केलेत मी. तू त्यायले मेले म्हणून लिवशील?”

“दोन कूलर मिळतील, चाचा.”

“चाळीस मारून दोन?”

“लिहा हो ताई,” पंचफुला म्हणाली. “कूलर का लेकरं हायेत? लोखंड हाय. अन् आमी का हावो? एप्रिल लागला. या साली मी पडली, तं फरशी थंडी राहीन याची ग्यारंटी नाई.”

चाचांनी चष्मा काढून पुसला. पोळीचा उरलेला तुकडा त्यांनी डब्यात परत ठेवला.

मी सही केली. चाळीस नंबर, चाळीस दोष. पंखा कापतो. पंप बंद. टाकी गळते. जे जे त्या चाळीसांत शोधूनही सापडलं नसतं, ते सगळं मी एका दुपारी माझ्या वळणदार अक्षरात लिहून काढलं. लिहिताना हाताला घाम येत होता, आणि कागद सारखा चिकटत होता.

दहा एप्रिलला मैदानावर मांडव पडला. धूळ बसवायला पाण्याचा टँकर आला, माइकसाठी जनरेटर आला. चाळीस कूलर चार रांगांत उभे, नवे कोरे, पांढरे, शाळेच्या पहिल्या दिवसाच्या पोरांसारखे. प्रत्येकाच्या कपाळावर लाल अक्षरात ‘सदोष’. समोर एक घण, त्याच्या दांड्याला झेंडूचा हार. साडेअकरा वाजले होते, आणि डीलर मंडळी निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत बसली होती.

साहेब छान बोलले. लांडगा सांगितला, खेडी सांगितली, कडू गिळणं सांगितलं. मग म्हणाले, “आता आमच्या तपासणीस राहाटेबाई सर्वांसमोर आत्मटीका करतील. ज्या हातून हा सदोष माल सुटला, तो हात आज कबुली देईल. त्यानंतर ज्यांनी हा माल बनवला त्या कामगार भगिनी पहिला घाव घालतील.”

कबुलीचा कागद साहेबांनीच लिहून दिला होता. चार ओळी. मी माइकसमोर उभी राहिले. समोर पंचफुला उभी होती, पदर खोचून, घणाशेजारी. तिच्या कपाळावरून घामाचा ओघळ आला आणि भुवईवर थांबला. तिनं मला डोळ्यांनी खुणावलं, लवकर वाचा. तिला ते संपवून टाकायचं होतं. दोन कूलर हवे होते तिला.

आणि मांडवाच्या खांबाला टेकून हमीदचाचा उभे होते. ते कूलरांकडे बघत नव्हते. माझ्याकडेही नाही. आपल्या तळहातांकडे बघत होते.

“माझी चूक,” मी वाचायला लागले, आणि पुढची ओळ डोळ्यांना दिसेना. “माझी चूक ही, की हे चाळीस कूलर चांगले आहेत. त्यांच्यात मला काही दोष सापडला नाही. तरी मी सदोष म्हणून सही केली.”

जनरेटर तेवढा धडधडत होता. पंचफुलानं डोळे मिटून घेतले, एखादीच्या हातून घागर निसटल्यावर मिटावेत तसे.

साहेब पटकन पुढे झाले. “बघा मंडळी, यापेक्षा मोठी आत्मटीका कोणती? तपासणीसाला दोष सापडत नाही. म्हणजे दोष तपासणीतच आहे.” आणि माझ्या कानाशी, माइकवर तळवा ठेवून, “उद्यापासून येऊ नका.”

पहिल्या रांगेतून मूर्तिजापूरचे डीलर उठले. सरोदेशेठ, अंगानं भरदार, शर्ट पाठीला चिकटलेला. “गावंडेसाहेब, फोडायच्या आधी एक चालवून तं दाखवा.”

“आता वेळ—”

“फोडायचाच हाय ना? पाच मिनिटं चालला तं का बिघडते?”

हमीदचाचा तोवर निघालेही होते. एवढं चपळ मी त्यांना कधी पाहिलं नाही. टँकरची नळी एका टाकीत, वायर जनरेटरच्या बोर्डात. पंपाचा खुळखुळ आवाज झाला, पाणी जाळ्यांवर चढलं, गवत ओलं होत काळसर पडत गेलं. मग चाचांनी पंख्याचं बटन फिरवलं.

वारा आला. ओल्या गवताचा वास आधी आला आणि मग वारा. आभाळ भरून आल्यावर शेताच्या बांधावर उभं राहावं आणि लांबून येणाऱ्या झुळकीनं पदर उडावा, तसा. पहिली रांग पुढे सरकली. मग दुसरी. सरोदेशेठ कूलरपुढे पाठ करून उभे राहिले, दोन्ही हात पसरून. चाचांनी दुसरा लावला, तिसरा लावला, सातपर्यंत लावले. पेपरवाले फोटो घ्यायचे विसरले. आणि आमच्या बायका, पाच-पाच वर्षं जाळ्या भरणाऱ्या, एकमेकींना ढकलत त्या वाऱ्यात शिरल्या. आपण काय बनवतो ते त्यांना तेव्हा कळलं. पंचफुला घणापासून पुढे आली आणि मान वर करून तिनं गळ्याला वारा घेतला. तिचे पिकलेले केस उडत होते. ती पोरीसारखी दिसत होती.

“दीडशे लिहा माझे,” सरोदेशेठ म्हणाले. “पण या चाळीसातले दहा आजच पाहिजेत. हे पास झालेले हायेत.”

“आमचे अकोटचे दोनशे.”

साहेब हार घातलेल्या घणाकडे बघत होते. दोन श्वास, फार तर तीन. तेवढ्या वेळात त्या माणसाच्या चेहऱ्यावरून एक मालक गेला आणि दुसरा आला. ते माइककडे वळले.

“मंडळी,” त्यांचा आवाज भरून आला होता, “आज मी एक परीक्षा घेतली. मला बघायचं होतं, माझ्या कारखान्यात मालकाच्या तोंडावर खरं बोलणारं एक तरी माणूस आहे का. आहे! हे आपलं नववं तत्त्व. हे चीनकडेही नाही.”

टाळ्या पडल्या. साहेबांनी घणाचा हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. त्यात मी हसते आहे.

चाळीसही कूलर संध्याकाळच्या आत गाड्यांवर चढले. नव्या मागण्या इतक्या आल्या, की शेडमध्ये दोन पाळ्या लागल्या. आठवड्यानं मी वर गेले आणि दोन कूलरांचा विषय काढला.

साहेब मनापासून चकित झाले. “शिल्लक कुठे आहेत, बाई? तुम्हीच विकलेत की सगळे.” मग त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. “हे बघा. आजपासून तुम्ही गुणवत्ता प्रमुख. पगार दीडपट. आणि बसायला चांगली जागा पाहिजे तुम्हाला, डीलर येतील भेटायला.”

मी नाही म्हणणार होते. जिना उतरेपर्यंत तसं ठरलंही होतं. पण पाकीट माझ्या हातातच होतं.

शेडच्या एका कोपऱ्यात काचेची केबिन उभी राहिली. तिच्यात एक टेबल, एक खुर्ची, आणि डीलरांना दाखवायला म्हणून एक कूलर. पहिल्या दिवशी मला घुसमटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी कमी. आठवड्यानंतर मी सकाळी आल्या आल्या आधी बटन लावायला शिकले. काचेपलीकडे बायका गवत भरायच्या. आवाज आत येत नसे, त्यामुळे गातात की नाही ते कळत नसे. हमीदचाचा केबिनवरून जाताना सलाम करायचे. पूर्वी कधी करत नव्हते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, पंचफुला दुपारी सुट्टीच्या अर्जावर सही घ्यायला आली. सही झाली. ती तशीच उभी राहिली, उघड्या दारात, एक हात चौकटीवर.

“आणखी काही होतं का?” मी विचारलं.

“नाई. उभी रायते जरा.”

तिच्या मानेवर गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. वारा माझ्यावरून जाऊन तिच्यापर्यंत पोचत होता, आणि तिच्या मागून दारातून शेडमध्येही थोडा जात असणार, कारण दाराजवळच्या दोघींनी जाळ्या खाली ठेवून मान वर केली होती. कूलरला दार उघडंच लागतं. कोंडलेल्या खोलीत तो नुसती ओल धरतो, गारवा देत नाही. गिऱ्हाइकांसाठीच्या सूचनापत्रकात पहिलं वाक्य हेच आहे आणि ते मीच लिहिलेलं आहे.

“दार लावून घे, पंचफुला,” मी म्हणाले. “गार हवा बाहेर जाते.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग अर्ज घडी करून कमरेला खोचला, आणि आवाज होणार नाही अशा बेतानं दार लावून घेतलं, बाहेरून.